आईची कबर कोण खणणार

केंटकीच्या त्या डोंगरात कबर पैसे देऊन खणून घेत नाहीत. शेजारचे बाप्ये आपणहून फावडी घेऊन येतात, आणि घरच्यांनी मातीला हात लावायचा नसतो. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ओपल स्टिडम सकाळपासून दारात उभी राहून वाट बघत होती. टेकडीवरच्या दफनभूमीत चिटपाखरू नव्हतं.

कारण घरातच बसलं होतं. धाकटा भाऊ व्हर्नन, न्यूयॉर्कचा नावाजलेला पत्रकार. त्यानं एक कादंबरी लिहिली होती: खाणीत आग लागते, ती विझावी म्हणून कंपनी खाणीचं तोंड बंद करायला सांगते, आणि आत माणसं जिवंत असताना गावातलेच हात विटा रचतात. नावं बदलली होती, पण गाव काय दुधखुळं होतं? शहरांत पुस्तकावरून रणं माजली, कुणी त्याला डोक्यावर घेतलं, कुणी देशद्रोही म्हटलं. गावानं ते चुलीत घातलं आणि व्हर्ननचं नाव टाकलं. शाळेत रांधणाऱ्या ओपलशीही लोक कामापुरतंच बोलत.

दुपारी हॉबर्ट स्लोन आला. म्हातारा, छातीत कोळशाची धूळ, दोन पावलांवर धाप. विटा रचणाऱ्यांत तो होता, आणि आत त्याचा सख्खा भाऊ होता.

"पोरी, माझी समदी पोरं तुझ्या आईच्या हातावर जन्मली. तिला अशी ठेवणार नाय आम्ही. माणसं खाली थांबलीत. पण तो वर दिसला, तर फावडी टाकून चालू लागू."

"काका, पोटचा पोर आहे तो तिचा!"

"मग त्यालाच सांग खणायला. मढी उकरायची सवय हायेच त्याला."

ओपल आत गेली. व्हर्नन टाय बांधत होता. तिनं सांगितलं तसे त्याचे हात थांबले.

"ताई, मी खोटं लिहिलं होतं का गं?"

"नाही रे. पण अंधार पडायच्या आत आईला माती द्यायचीय."

तो खाटेवर बसला. ओपलला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची चीड आली. हॉबर्ट एकदा पिऊन तिच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडला होता. तेव्हा त्यानं जे सांगितलं, ते तिनंच भावाच्या कानावर घातलं होतं. गावाला हे आजवर ठाऊक नव्हतं.

माणसांनी खणलं. कुणीतरी बेसूर भजन धरलं, शवपेटी खाली गेली.

ओपल परतली तेव्हा व्हर्नन पायरीवर होता. डोळे सुजलेले, गुडघ्यावर कोरे कागद, हातात पेन.

"कोण कोण आलं होतं? हॉबर्ट काही बोलला? सगळं सांग ना ताई, मला बघायलाही मिळालं नाही."

हॉबर्ट बोलला होता. कबरीच्या कडेला गुडघे टेकून, खाणीत गेलेल्या आपल्या भावाला हाका मारत, बराच वेळ बोलला होता.

"काही नाही बोलला," ओपल म्हणाली. "संध्याकाळची बस चुकेल तुझी. भाकरी बांधून देते."