कादर पेंटर वाचायला बसले

पारोळ्यात कादर पेंटर ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. जळगावकडून धुळ्याकडे जाताना गावात शिरलात, की पिठाच्या गिरणीपासूनच त्यांचा हात दिसायला लागायचा. किराणा दुकानं, सायकलवाले, मंगल कार्यालय, दवाखाना, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची मागची फळी. 'श्र' लिहावा तर कादरभाईंनीच, असं लोक म्हणायचे. खडूत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणायचा, टिचकी मारून रेघ उमटवायची, आणि मग श्वास धरून एका दमात 'अ'चं पोट फिरवायचं. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं.

आणि या पन्नास वर्षांत एक गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. कादरभाईंना वाचता येत नव्हतं.

दुसरीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा सुटली. दहाव्या वर्षी ते एका पेंटरच्या हाताखाली डबे धुवायला लागले. उस्तादानं अक्षरं शिकवली ती चित्रं म्हणून. हा 'क', याचं पोट गोल. हा 'ळ', याला दोन डोळे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून द्यायचं, कादर तो बघून बघून फळीवर उतरवायचा. अक्षरांची ओळख झाली, पण ती एकमेकांचा हात धरून काय सांगतात, ते कधी कळलं नाही. पुढं नाव झालं. मग तर विचारायची सोयच उरली नाही. अख्ख्या गावाच्या पाट्या लिहिणाऱ्या माणसानं, मला वाचता येत नाही, असं सांगायचं कुणाला?

एकदा मात्र ते पकडलेच जाणार होते. शेजारच्या एका गावात चावडीच्या भिंतीवर लिहायचं काम होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'येथे थुंकू नये. लाल रंगात, ठळक.' कादरभाईंनी दुपारभर उन्हात उभं राहून सुंदर निळ्या रंगात सगळं लिहिलं: येथे थुंकू नये लाल रंगात ठळक. गाव पोट धरधरून हसलं. निळ्या रंगात थुंकलं तर चालेल का, असं पोरं विचारायला लागली. "डोकं ठिकाणावर नव्हतं, ताप होता अंगात," असं सांगून कादरभाईंनी वेळ मारून नेली. पण त्यानंतर मुलगी मिसबाह मोठी होऊन शाळेत जायला लागली, तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी ते आधी तिच्याकडून वाचून घ्यायचे. मिसबाहनं आणि बायको हसीनाबीनं ते गुपित घराबाहेर जाऊ दिलं नाही.

मग छापील बॅनर आले आणि हातानं लिहिणं कमी कमी होत गेलं. साठी ओलांडलेले कादरभाई ट्रॉल्या आणि शाळांच्या भिंती करत राहिले.

अशात एके दिवशी सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल सुलक्षणा मॅडम स्वतः त्यांच्या दारात आल्या. वाचनालयातल्या कपाटांवर नावं लिहून हवी होती. कथा, कादंबरी, चरित्र, शेती, बालविभाग. कादरभाईंनी चिठ्ठी नात आयतकडून वाचून घेतली आणि दोन दिवसांत कपाटं रंगवून दिली. ते लिहीत असताना मुलं भोवती गोळा झाली. कुंचल्याच्या टोकातून शब्द उतरताना बघून ती एवढी गप्प झाली, की सुलक्षणा मॅडम आतून बघायला आल्या, पोरं गेली कुठं म्हणून.

"कादरभाई," त्या म्हणाल्या, "मे महिन्यात आमचं मुलांचं शिबिर असतं. सकाळी आठ ते दहा. गोष्टी, चित्रं, आणि शेवटी प्रत्येक मूल स्वतःचं एक छोटं पुस्तक तयार करतं. तुम्ही अक्षर शिकवायला या."

"मी काय शिकवणार मॅडम? मी धड शाळेत गेलेला माणूस नाही."

"म्हणून तर. शाळेत सुंदर अक्षराचा आग्रह धरतात, पण ते कसं काढायचं ते कुणी दाखवत नाही."

आयत आठ वर्षांची, तीही शिबिराला जाणार होती. तिनं नानांचा हातच सोडला नाही. कादरभाई तयार झाले.

पहिले तीन दिवस फार छान गेले. मुलं त्यांना कादरबाबा म्हणायला लागली. त्यांनी शिकवलं, की शिरोरेषा शेवटी द्यायची, अक्षरांना आधी मोकळं उभं राहू द्यायचं. कुंचला रंगात बुडवायचा तो डब्याच्या काठावर निथळूनच बाहेर काढायचा. घरी येऊन ते हसीनाबीला प्रत्येक मुलाच्या अक्षराची नक्कल हवेत बोटानं करून दाखवायचे.

चौथ्या दिवशी भाविका नावाची मुलगी आपला कागद घेऊन आली. दहा वर्षांची, जवळच्या खेड्यातली, सुट्टीत मामाकडे आलेली. कधी फारसं बोलायची नाही. कागद पुढं धरून म्हणाली, "कादरबाबा, वाचून बघा ना. बरं झालंय का?"

कादरभाईंनी कागद हातात घेतला. अक्षरं टपोरी होती, ओळ सरळ होती, वेलांट्या कमानीसारख्या होत्या. त्यांचा चेहरा खुलला. "वा! झकास! घरी भिंतीवर लाव, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखव!" असं म्हणून ते मोठ्यानं हसले आणि तिची पाठ थोपटली.

भाविका त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं कागद घेतला आणि बालविभागाच्या कपाटामागं जाऊन बसली. त्या दिवशी ती पुन्हा पुढं आली नाही.

घरी जाताना उसाच्या रसवंतीपाशी आयत म्हणाली, "नाना, तुम्ही हसलात का? भाविकानं लिहिलं होतं, माझी आजी तानुबाई मागच्या महिन्यात वारली."

कादरभाई भर रस्त्यात थांबले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. आजवरच्या लपवाछपवीत त्यांची स्वतःचीच फजिती झाली होती, ती त्यांनी गिळली होती. पण हे वेगळं होतं. एका पोरीनं आपलं दुःख त्यांच्या हातात दिलं आणि ते त्यावर हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेवरून उठेनात. "मी जात नाही," ते हसीनाबीला म्हणाले. "तब्येत बरी नाही असा निरोप दे."

हसीनाबीनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला. "जिचं मन दुखवलं ती पोरगी तर तिथंच येणार आहे. तुम्ही घरात बसून माफी कुणाची मागणार?"

कादरभाई उठले. मुलं यायच्या अर्धा तास आधी ते वाचनालयात पोचले. सुलक्षणा मॅडम वर्तमानपत्रं टेबलावर मांडत होत्या.

"मॅडम, मी खोटा माणूस आहे," ते उभ्या उभ्या म्हणाले. "मला वाचता येत नाही."

मॅडमना आधी कळलंच नाही. मग कादरभाईंनी सगळं सांगून टाकलं. दुसरीतली शाळा, उस्ताद, चिठ्ठ्या, मिसबाह, काल भाविकाशी काय झालं ते. बोलता बोलता चावडीच्या भिंतीवरचं ते 'लाल रंगात ठळक'ही सांगितलं. ते ऐकल्यावर मात्र मॅडमना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि नवल म्हणजे कादरभाईही हसायला लागले. आजवर जे आठवलं की मान खाली जायची, ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगून झालं होतं.

"आधी भाविकाशी बोला," मॅडम म्हणाल्या. "आणि दुपारी तीन वाजता वाचनालयात चिटपाखरू नसतं. आजपासून या. मी आहे."

बस, एवढंच. इतकी वर्षं का लपवलंत, आधी का नाही सांगितलंत, असलं त्यांनी काही विचारलं नाही.

भाविका आली तेव्हा कादरभाई सतरंजीवर तिच्यासमोर मांडी घालून बसले. "बेटा, काल माझी फार मोठी चूक झाली. तू काय लिहिलंस ते मला कळलंच नव्हतं. मी नुसती अक्षरं बघितली. मला वाचता येत नाही."

भाविका इतकी चकित झाली की शाळेतली भाषा विसरून घरच्या अहिराणीतच बोलली. "तुमले वाचता येत नही? मंग हाई बठ्ठं कसं लिखतस?"

"बघून बघून."

तिनं थोडा विचार केला. मग दप्तरातून कालचा कागद काढला, मांडीवर सरळ केला. "मंग मी वाची दखाडस."

आणि ती बोट ठेवून वाचायला लागली. आजी तिला रोज कुशीत घेऊन झोपायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा काढून त्यात ठेचा भरून द्यायची. शाळेतून यायला उशीर झाला तर पाराशी येऊन उभी राहायची, आणि विचारलं तर सांगायची, मी तर शेळी शोधायला आले होते. आजीकडे शेळी नव्हतीच. एवढं वाचून भाविका थांबली. कादरभाईंनी डोळे पुसले.

"आता सांगा, कसं शे?"

कादरभाईंनी विचारलं, "आजीला कोणता रंग आवडायचा?"

"हिरवा. लुगडं हिरवंच नेसे."

मग दोघांनी मिळून तिच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर हिरव्या रंगात लिहिलं, तानुबाई. शिरोरेषा भाविकानं दिली.

दुपारचे धडे त्याच दिवशी सुरू झाले, आणि ते सोपे नव्हते. कादरभाईंची नजर सवयीनं अक्षराच्या वळणावर अडायची. "हा 'ण' बघा मॅडम, याचा पाय आखूड छापलाय." "कादरभाई, 'ण' राहू द्या, शब्द सांगा." "शब्द... पा... णी." "मग काय झालं?" "पाणी."

आणि तिथं ते थबकले. 'पाणी' त्यांनी आयुष्यात हजार वेळा लिहिलं असेल. टाक्यांवर, पाणपोयांवर, शाळांच्या भिंतींवर. पण त्या दोन अक्षरांतून कधी पाणी दिसलं नव्हतं. आज दिसलं. थंड, माठातलं, वर वाळ्याचा वास असलेलं. त्यांनी तोच शब्द पुन्हा वाचला, मग पुन्हा. सुलक्षणा मॅडम घाई न करता बसून राहिल्या.

पावसाळ्यात ते गोष्टींची पातळ पुस्तकं वाचायला लागले. दिवाळीच्या सुमारास, शिबिरातल्या मुलांची पुस्तकं ठेवली होती त्या फळीवरून त्यांनी भाविकाचं पुस्तक उतरवलं आणि आठही पानं कुणाच्या मदतीशिवाय वाचली. सगळी दुपार गेली. मग एक पोस्टकार्ड आणून त्यांनी भाविकाला तिच्या गावी पत्र लिहिलं. कुणाचं बघून न लिहिलेलं त्यांचं हे पहिलंच लेखन. चार ओळी होत्या, त्यात दोन चुका होत्या. त्या त्यांना नंतर कळल्या, पण पत्र तोवर पेटीत पडलं होतं.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात त्यांनी सुरुवातीलाच मुलांसमोर आणि आईवडिलांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतल्या लताबाई रेंगाळल्या. कापूस वेचायला जाणारी बाई, लेकीला सोडायला आलेली. "भाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "माले बी येई का हो?"

"मला आलं ना, मग तुम्हाला का नाही येणार?" कादरभाई म्हणाले आणि मॅडमकडे वळून बघितलं. आता दुपारी तीनला वाचनालयात सातजण बसतात. पाटीवर अक्षर कादरभाई काढतात, शब्द मॅडम शिकवतात.

कुणी कौतुक केलं की ते एकच सांगतात. "मॅडमनी वाचायला शिकवलं, ते तर आहेच. पण मला त्यांनी लाजवलं नाही. आणि त्या पोरीनं मला माफ केलं. या दोघींचं मी काय देणं लागतो, ते मला सांगताही येत नाही." हसीनाबी बोलून दाखवत नाही. ती दर उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, करते आणि पहिली चळत फडक्यात बांधून वाचनालयात पाठवते.

रोज जेवणानंतर कादरभाई तिला वाचून दाखवतात. अडखळत, बोट ठेवून. परवा एक कादंबरी संपली. "फिर क्या हुआ?" हसीनाबीनं विचारलं.

"झालं. संपलं पुस्तक."

"असं कसं संपलं? ती बाई माहेरून परत आली की नाही? जा, मॅडमला विचारून या."

कादरभाई खरोखर विचारायला गेले. सुलक्षणा मॅडमनी सांगितलं, की लेखकानं तेवढंच लिहिलंय, पुढचं हसीनाबींनी ठरवायचं. हा निरोप घरी पोचला तेव्हा हसीनाबी भाकरी थापत होती. ती जरा थांबली, आणि म्हणाली, "मग आलीच म्हणा परत," आणि भाकरी तव्यावर टाकली.