आईच्या गालातला डाग

आईच्या गालाच्या आतला पांढरा डाग मला दिसला तो आमच्या नोएडातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत. ती जांभई देत होती. नवऱ्याला टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडलं होतं, आणि वडील गेल्यावर तिलाही इकडे आणलं होतं. समोर अर्धवट इमारती, धूळ, आणि मराठी बोलणारं चिटपाखरू नाही. मी दिवसभर करोल बागेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. पुण्यात सकाळी एकदा मशेरी लावणारी आई इथे दिवसातून चारदा लावायला लागली. दात झिजतील हं, म्हणून मी तिला चिडवायचे. गाढव होते मी.

दाताच्या डॉक्टरांनी डागाचा लहानसा तुकडा काढला. तो मीच लॅबमध्ये नेला आणि सोबतचा फॉर्मही मीच भरला. असे तुकडे मेणात बसवून त्यांचे पापुद्रे काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी पहिले दोन पापुद्रे फाटले. रंग नीट चढला की नाही, एवढंच आम्ही मायक्रोस्कोपखाली बघायचं, पुढचं लॅबच्या डॉक्टर मॅडमनी. मी मात्र बघतच बसले.

पेशी मार खायला लागली की आधी थर जाड करते, तळहाताला घट्टा पडतो तसा. तेवढ्यात मार थांबला तर पूर्ववत होते, नाहीतर मरते. हे सगळं मॅडमनीच मला शिकवलं होतं. मरणाऱ्या पेशींची मला भीती नव्हती. काही पेशी सुधारतही नाहीत आणि मरतही नाहीत, वाढतच सुटतात, भीती त्यांची होती. थर जाड होता, तळाशी पेशींची गर्दी होती. त्या पलीकडचं मला कळेना.

मॅडमनी काच पाहिली, मग फॉर्म पाहिला. "कैन्सर नहीं है. अभी नहीं," त्या म्हणाल्या. "लेकिन तंबाकू के आगे 'नहीं' किसने लिखा?"

"मैंने. माँ तंबाकू नहीं खाती."

"तो मुँह में रखती क्या है?"

मी मशेरी म्हणजे काय ते सांगायला लागले. तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात, बोटानं दातांना लावतात. काय भाजतात, ते सांगताना 'तंबाखूची पानं' हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. तंबाखू म्हणजे बाप्ये तळहातावर मळतात ती, असं आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. मशेरी म्हणजे दात घासणं. आणि दर दिवाळीला पुण्याहून पानं आणून, इथल्या गॅसवर भाजून, तिचा डबा भरून ठेवणारी मीच.

"आज से बंद," मॅडम म्हणाल्या. "ज़्यादातर ठीक हो जाता है. हमेशा नहीं."

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. मग तिनं डबा आणून माझ्या पुढ्यात ठेवला.

"देते बाई. पण सकाळी उठून मी इथं करू काय?"

मी डबा उचलून कचऱ्यात रिकामा केला.

तिनं शब्द पाळला. पहिले काही दिवस तिचं डोकं दुखायचं, रिकामंच बोट दातांवरून फिरायचं. दर रविवारी मी बाल्कनीत बसवून, बॅटरी मारून तिचा गाल बघायचे. चार महिन्यांनी डाग बराचसा गुलाबी झाला. मागच्या दाढेजवळ मुगाच्या डाळीएवढा पांढरा ठिपका तेवढा राहिला, तो जाईना.

"गेला का गं?" तिनं विचारलं.

"थोडासा राहिलाय."

"मग बघ नीट. तूच आणून द्यायचीस, आता तूच बघ," ती हसून म्हणाली आणि तिनं पुन्हा आ वासला. मी बॅटरी लावली आणि दाढेजवळचा तो ठिपका पुन्हा शोधायला लागले.