काळा कोट, निळी टिक

वकिलीत केसेस निकाली निघतात, किस्से मात्र साचत जातात. फाईल रेकॉर्ड रूमला धाडता येते, किस्सा कुठं धाडणार? चार जण चहाला बसले की तो निघतोच. पूर्वी आमच्याकडचे किस्से साक्षीदारांचे असायचे, आता बहुतेक मोबाइलचे असतात!

लातूरला आमचं छोटं ऑफिस. सीनियर किनीकर साहेब, मी, सोनकांबळे मॅडम आणि क्लार्क गफूरभाई. माणसं चार, मोबाइल पाच. पाचवा साहेबांचा. पहिला कुठं ठेवलाय ते शोधायला!

* * *

एकदा गफूरभाईंनी एका पक्षकाराबरोबरचा सेल्फी फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं, "आपली केस, आपला माणूस." साहेब भडकले. "ऑफिसला सोशल मीडिया पॉलिसी पाहिजे!" लगेच दोन पानं डिक्टेट केली. वर ठळक अक्षरांत, "गोपनीय. फक्त ऑफिससाठी."

"ग्रुपवर टाकतो," म्हणाले आणि टाकली स्टेटसला!

संध्याकाळी मुरुडच्या एका पक्षकाराचा मेसेज आला. "साहेब, वाचली. कलम सात लई कडक हाय. जरा ढिलं करा."

* * *

औशाच्या कोर्टात साहेबांची तारीख होती. अर्ज घेऊन मी गेलो. साहेबांची पाठ धरलीय, उठताबसता येत नाही, पुढची तारीख मिळावी.

समोरच्या वकिलांनी गालात हसत मोबाइल काढला. साहेबांच्या भाच्यानं व्हिडिओ टाकलेला. आदल्या दिवशीच्या वरातीत साहेब बँडपुढं नाचून राहिले! मला घाम फुटला. आता अर्ज फेटाळला जाणार, वर दंड.

न्यायाधीशांनी व्हिडिओ बघितला. पुन्हा बघितला. चष्मा काढून म्हणाले, "हा डान्स बघता पाठ खरंच धरलेली दिसते. अर्ज मंजूर!"

* * *

वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. सोनकांबळे मॅडम या बाबतीत फार काटेकोर. स्वतःच्या वाढदिवसाचा फोटोसुद्धा टाकत नाहीत. पण त्यांच्या आईला हा नियम कोण सांगणार?

नात्यातल्या एका मुलीचं लग्न झालं. फेसबुकवर जोडप्याचा फोटो आला. त्याखाली आईंची कमेंट, "दोघं सुखी राहा. काही कमीजास्त झालं तर आमची पोरगी घटस्फोटाची वकील हाय."

मॅडमनी डोक्याला हात लावला. आईला फोन केला, "आई, आधी ती कमेंट काढ!"

"कशाला काढू? लोकांना आवडून राहिली की!"

मॅडमनी बघितलं तर कमेंटला सगळ्यात पहिला लाईक नवरीचा!

* * *

नांदेडला वकिलांची परिषद होती. विषय, सोशल मीडिया आणि व्यवसायाची शिस्त. शिस्त म्हणून सभागृहात मोबाइलला बंदी. सगळ्यांचे मोबाइल दारातच जमा, हातात टोकन.

प्रमुख वक्ते माइकपुढं उभे राहिले. कोटाचे खिसे चाचपले. मग पँटचे. मग हळूच म्हणाले, "माझं भाषण मोबाइलमध्ये आहे."

आयोजक मोबाइल आणायला धावले. तेवढ्यात मागून एक ज्येष्ठ वकील उठले. "हरकत आहे! नियम सगळ्यांना सारखा."

दुसरे उठले. "ज्यात भाषण आहे तो मोबाइल नव्हेच. तो कागद आहे!"

झालं! दोन्ही बाजूंनी युक्तिवाद सुरू. वक्ते माइकपाशी उभेच. जेवणाच्या वेळेला अध्यक्षांनी निकाल दिला. वक्त्यांना त्यांचा मोबाइल द्यावा, मात्र तो बंद ठेवावा!

* * *

आता हे नावगाव न घेता सांगतो. एक मास्तर घटस्फोटासाठी साहेबांकडं आले. बायको वर्षभर माहेरी. पुरावा म्हणून मास्तरांनी जाड फाईल आणलेली. बायकोच्या व्हॉट्सअॅप स्टेटसचे स्क्रीनशॉट, रोजचा एक, प्रिंट काढून, तारीखवार!

"हा मानसिक छळ हाय, साहेब. ही बघा, ज्वारीची भाकर अन् शेंगदाण्याची चटणी. मला आवडते हे ठाऊक हाय तिला. हे बघा, माझा स्वेटर घालून बसली. अख्ख्या गावाला दाखवून माझी बदनामी करून राहिली!"

कोर्टानं दोघांना आधी मध्यस्थीला पाठवलं. छोटी खोली, मध्यस्थ म्हणून एक वयस्कर वकील बाई. आम्ही मास्तरांच्या बाजूला. मास्तरांनी फाईल टेबलावर आपटली.

बाईंनी चार पानं उलटली आणि बायकोला विचारलं, "काय गं, हे सगळं जगाला कशाला दाखवतेस?"

तिनं मोबाइल पुढं केला. बाईंनी तो बराच वेळ बघितला, मग आमच्याकडं सरकवला. स्टेटस कुणाला दिसावं, त्या यादीत एकच नाव होतं. मास्तरांचं.

"दुसऱ्या कुणालाच नाही?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्यांचं काय काम?"

साहेब उगाच पेनचं टोपण काढून राहिले, घालून राहिले. मास्तर खुर्ची मागं सारून उठले आणि खिशातून मोबाइल काढत दाराकडं निघाले.

"अहो मास्तर, कुठं चाललात?" साहेब म्हणाले.

"दोन मिनिटं, साहेब. आजचं बघायचं राहिलंय."