मुलुंड ते मानखुर्द, एका घाऱ्या डोळ्यासाठी

या ब्लॉगवर मी गड लिहिले, घाट लिहिले. हा प्रवास रिक्षाने तासाभराचा. कुणावरही तो करायची वेळ येऊ नये, म्हणून लिहितो आहे.

शनिवारी माझी भाची मृणाल माझ्या फोनवरचे फोटो चाळत होती. ती डोळ्यांची डॉक्टर. एमएस झाल्यावर दवाखाना थाटायचं सोडून आता लहान मुलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियांची फेलोशिप करते आहे. एका फोटोवर तिचं बोट थांबलं.

"मामा, ही कोण?"

"सुधाकरची नात, स्वरा. तिच्या उष्टावणाचा फोटो, दोन महिन्यांपूर्वीचा. एक डोळा घारा होतोय बघ."

"फ्लॅशने एका डोळ्यात लाल ठिपका आलाय, दुसऱ्यात पांढरा. घारा रंग बाहुलीच्या भोवती असतो. हे बाहुलीच्या आत आहे. उद्या जायचं."

सुधाकर माझा चाळीतला मित्र. त्याचे वडील कोकणातून गिरणीत आले. गिरणी गेली, चाळ गेली, तो मानखुर्दला गेला.

रविवारी आठला मुलुंड चेकनाक्यावर रिक्षा धरली. मीटरवर पावणेतीनशेच्या आसपास होतात. विक्रोळीपर्यंत हायवे मोकळा. घाटकोपर सोडून लिंक रोडला लागलात की ट्रक आणि कचऱ्याच्या डोंगराचा वास. खायचं ते आधीच खा. आम्ही विक्रोळीला मिसळ घेतली. मृणालने पाव मोडला आणि तसाच ठेवला.

"फेलोशिपला सहा महिने झाले, तिथल्या मॅडम अजून मला बाळाच्या डोळ्याला एकटीने हात लावू देत नाहीत," ती म्हणाली.

"इतकं शिकून?"

"मोठ्यांचं शिकले. बाळाचा डोळा म्हणजे मोठ्याचा लहान केलेला डोळा नव्हे. सगळं मऊ, टाकासुद्धा नीट धरत नाही. आणि बाळ सांगत नाही काय दिसतं ते. म्हणून मॅडम आधी आईला बोलतं करतात. मग तिच्या फोनमधले फोटो बघतात."

वाटेत मी पाट्या वाचत होतो. म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूच्या जाहिराती खांबाखांबावर. मुलांच्या डोळ्यांची एकही नाही. या शहरात मुलांच्या वाढदिवसाला कमानी उभ्या राहतात आणि त्याच मुलांना दिसतं का, हे विचारायला कुणी उभं राहत नाही! रिक्षात एवढं बोललो, तर मृणाल म्हणाली, "मामा, भाषण नंतर."

"इलंस रे! आज माईक खंय ठेवलंस?" सुधाकर दारातच ओरडला. माझ्या भाषणांची ही त्याची जुनी चेष्टा. त्याच्या बायकोने, शुभदावहिनींनी, पोहे पुढे केले. स्वरा सून प्राचीच्या मांडीवर. आठ महिन्यांची, गुबगुबीत, हसरी.

"आमच्या मामंजींवर गेलीय," वहिनी म्हणाल्या. "तेही घारे. एक डोळा आधी झालाय, दुसरा होईल मागाहून."

मृणालने हसत स्वराचा डावा डोळा तळहाताने झाकला. पोर खुळखुळ्याकडे बघत राहिली. मग उजवा झाकला. स्वरा किंचाळली, तिने मृणालचा हात ओरबाडला. मृणालने पुन्हा डावा झाकला, शांत. पुन्हा उजवा, तेच.

"भारी हट्टी गं बाई," वहिनी हसल्या. दुसरं कुणी हसलं नाही.

"प्राची, तुला कधी काही वेगळं वाटलं?" मृणालने विचारलं.

"डावीकडून काही दिलं तर घेत नाही ती. मी घरात सांगितलं होतं." प्राचीने माझ्याकडे पाहिलं. "पण उष्टावणाला काका माईकवर बोलले ना, की पणजोबांचे डोळे हिच्यात परत आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी गप्प बसले."

पंचवीस वर्षं मी व्यासपीठावरून अंधश्रद्धेवर आग ओकतो आहे. टाळ्यांचं ते वाक्य माझंच होतं.

"उद्याच हिला आमच्या हॉस्पिटलात आणा," असं मृणालने प्राचीला बजावलं आणि आम्ही निघालो. परतीच्या रिक्षात ती आधी तिच्या मॅडमशी फोनवर बोलली, मग माझ्याशी. "बहुतेक कॅन्सरची गाठ आहे. डोळा वाचवण्याची वेळ गेली असेल. आता जीव."

सोमवारी दाखवलं, पुढच्याच आठवड्यात स्वराचा डावा डोळा काढला. मृणाल त्या शस्त्रक्रियेला मदतीला उभी होती. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नव्हती. उजवा स्वच्छ आहे, पण तो दर महिन्याला तपासायचा, आणि तेवढ्यासाठी पोरीला भूल द्यायची. दोन महिने आधी गेलो असतो तर डोळा राहिला असता का? मृणाल म्हणते, "कदाचित." मला "नाही" ऐकायचं होतं.

कृत्रिम डोळ्याचं माप द्यायला घरचे गेले तेव्हा तिथल्या माणसाने रंग विचारला. प्राची काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "काळा. दुसऱ्यासारखा काळाच."

तुमच्या घरातल्या बाळाच्या फोटोत एका बाहुलीत पांढरं चमकत असेल, तर कौतुक थांबवा आणि त्याच आठवड्यात मुलांच्या डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

गेल्या रविवारी आमच्याच सोसायटीत एक उष्टावण होतं. यजमानांनी सवयीने माईक माझ्या हातात दिला. मी तो खुर्चीवर ठेवला, बाळाच्या आईजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "हिच्यात तुला काही वेगळं वाटतं का गं? सांग. मी ऐकतोय."