तारांनी मोजलेलं चालणं

आमच्या यांच्या पायांतली ताकद कमी होऊ लागली, तेव्हा आधी मी त्यांना आळशी म्हणाले होते. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, चढतच जातो, औषध नाही. पण कधीकधी मध्येच थांबतोही. थांबला की नाही हे कळायला रोज किती चालणं होतं ते मोजा, लिहा आणि महिन्याला कागद दाखवा.

पावलं मोजण्यात अर्थ नव्हता. एक पाऊल वीतभर पडे, दुसरं नुसतं घासत जाई. मग मी आमच्या आंजी गावात घरोघरी असायचा तो फाळका काढला. फाळका म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी चौकट. तिचा एक वेढा चार फुटांचा, त्याला आम्ही तार म्हणायचो. दुपदरी सुताचं रीळ खाटेजवळच्या खुंटीला अडकवायचं, टोक यांच्या करदोड्याला बांधायचं आणि यांनी काठी टेकत अंगणात तुळशीभोवती फिरायचं, म्हणजे चालतील तेवढं सूत रिळातून सुटायचं. मी दिवसभर पुढच्या खोलीत आमचं कापडाचं दुकान सांभाळी. संध्याकाळी अंगणातलं सूत फाळक्यावर घेऊन तार मोजायचे. डॉक्टर आधी हसले, मग चार फुटांचं गणित ऐकून त्यांनी मान डोलावली.

ऐंशी तार होते, ते पन्नासवर आले. आणि तिथेच थांबले. पन्नास, एकावन्न, पन्नास. दोन महिने झाले तरी आकडा हलेना. सूत आता खाटेपाशी गोळा करून ठेवलेलं असे. "गुंता झाला त तुलेच तरास," हे म्हणायचे. मला इतका आनंद झाला की एका बाईला झंपराचं कापड वीतभर जास्त फाडून दिलं. एरवी मी बोटभरही सोडणारी नव्हे.

एका दुपारी पाणी प्यायला आत गेले. हे खाटेवर बसून दोन्ही हातांनी रिळातलं सूत ओढत होते. सदरा घामाने भिजला होता. मी तशीच मागे फिरले. राग आला, भयंकर आला. मला काय दुधखुळी समजतात? पण मी आशा सोडू नये म्हणूनच हा खटाटोप चालला होता, हेही कळत होतं. संध्याकाळी मुकाट्याने पन्नास लिहिले.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले नाही. लिहीत मात्र राहिले, कारण हे रोज विचारायचे. आकडा पुन्हा उतरू लागला. तीस, वीस, अकरा. पाय केव्हाच गेले होते, आता हात चालले होते.

मग एका संध्याकाळी रीळ सकाळी लावलं तसंच होतं. यांचे डोळे मिटलेले. मी खाली बसून भराभर सूत ओढलं, फाळक्यावर घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, "पन्नास झाले आज."

यांनी डोळे उघडले.

"उद्या कमी ओढजो व," ते म्हणाले. "बोटाले सूत कापते."