पन्नास किलोचे काका

भाताच्या कोंड्याचा गरम वास आला की महाडजवळच्या आमच्या गावची गिरण आठवते आणि पोत्यांच्या काट्यावर एका पायावर उभे राहिलेले काका! वरंध घाटात जीप उलटली, त्यात काकांच्या मांडीचं हाड मोडलं. माणूस मुळातच किडकिडीत, त्यात रक्त गेलं, जेवण सुटलं, नुसता सापळा उरला. दुसऱ्या ऑपरेशनशिवाय पाय वाचणार नव्हता, पण डॉक्टर म्हणाले, या अंगाला ते सोसणार नाही, आधी पन्नास किलो भरा. मग काकीने नाचणीची पेज, अंडी, सुकट असा मारा सुरू केला. गावात माणसाचं वजन होण्यासारखा काटा एकच, गिरणीतला. आम्ही काकांना वजनाला नेलं त्या दिवशी गिरणवाल्याने दांडीवरचं माप पन्नासावर सरकवलं आणि शेड हादरते म्हणून यंत्रच बंद केलं. भात भरडायला आलेल्या बायका आपापला नंबर विसरून भोवती जमल्या. "कुबडी सोड रे," गिरणवाला म्हणाला, "तिचं वजन डाक्तर धरणार नाय." काकांनी कुबडी माझ्या हातात दिली. ते थरथरत होते, दांडीही थरथरत होती. आणि दांडी उचलली, पन्नास भरले! "उचलली गो बाय, उचलली!" काकी ओरडली, बायकांनी टाळ्या पिटल्या, मी कुबडी हवेत नाचवली. आज काका दोन्ही पायांवर चालत गिरणीत जातात. मला मात्र डॉक्टर वजन कमी करा म्हणून दटावतात, तरी काट्यावर पाऊल ठेवलं की माझे कान त्या टाळ्यांकडेच लागतात.