सरांच्या जागी

सी.ए. होऊन मी वर्ध्याहून पुण्यात आले, तेव्हा इथे सॉफ्टवेअर कंपन्यांचं पेव फुटलं होतं. त्यातल्याच एका कंपनीच्या कर विभागात मला नोकरी लागली. विभागाचे प्रमुख पन्नाशीचे, सदाशिव पेठेत राहणारे, बोलायला तिखट. माझा पहिला मसुदा वाचून म्हणाले, "अगं, हे उत्तर आयकर खात्याला पाठवायचंय, की त्यांची करमणूक करायचीय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं, शेजारी खुर्ची ओढली आणि सगळं उत्तर माझ्याकडून नव्याने लिहून घेतलं. पुढे मी जे काही शिकले ते त्यांच्याकडून. सुनावणीत कुठे गप्प बसायचं, तेसुद्धा.

मग कंपनी एका अमेरिकन समूहाने घेतली आणि फोनवरच्या बैठका सुरू झाल्या. तिकडून विचारणा व्हायची, अमुक व्यवहार असा दाखवला तर कर वाचेल का? सर म्हणायचे, "नाही." बस्स. पुढे नुसती शांतता. ती मला सहन व्हायची नाही. मग मी बोलू लागायचे, का नाही, त्याऐवजी काय करता येईल.

एका दुपारी संचालकांनी मला बोलावलं.

"कर विभाग आता आपण सांभाळा."

"आणि सर?"

"सल्लागार म्हणून राहतील. कायदा त्यांना येतो हो, पण तेवढ्याने आता भागत नाही."

मी विचार करायला वेळ मागितला. घरी नवरा म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर बाहेरचा आणतील." ते खरंच होतं. शिवाय मला ते पद हवं होतं. मी हो म्हटलं.

सोमवारी गेले तर सरांनी केबिन आधीच रिकामी केलेली. बाहेर, सगळ्यांमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाशी ते बसले होते. मी तिथे जाऊन उभी राहिले.

"बसा मॅडम. आपल्याला काही हवं होतं का?"

"सर, मला मॅडम नका ना म्हणू."

"पदाला म्हणतोय. आपण मनावर घेऊ नका."

आजूबाजूला सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान वर केली नाही.

त्यानंतरही ते वेळेवर येत, विचारलं तेवढंच सांगत. एकदा बैठकीत अमेरिकेतल्या साहेबाने विचारलं, "लाइनवर आणखी कोण आहे?" मी म्हणाले, "आमचे सल्लागार." सरांनी चष्मा काढला आणि बैठक संपेपर्यंत तो पुसत राहिले. काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभाचं विचारलं तर म्हणाले, "हार घालून घ्यायला मी काही तसबीर नाही."

दिवाळीत मी त्यांच्या घरी गेले. ते खोदलेल्या रस्त्यांविषयी, पाण्याच्या वेळांविषयी बोलले. त्यांना बोलतं करावं म्हणून मी एका अडलेल्या प्रकरणाचा विषय काढला, माझं मत सांगितलं. "बरोबर असेल तुमचं," ते म्हणाले. तपासल्याशिवाय कशालाही बरोबर न म्हणणारा हा माणूस.

त्यांची पत्नी मला सोडायला खालपर्यंत आली. स्कूटरजवळ थांबून, माझा हात धरून म्हणाली, "राग मानू नका. तुम्ही मायेने येता, कळतं मला. पण ऑफिसचं कुणी येऊन गेलं की यांना जेवण जात नाही. नुसते बसून राहतात."

मी मान हलवली. स्कूटर सुरू केली आणि वारज्याला घरी आले.

पुन्हा गेले नाही. पुढच्या वर्षी आम्ही निर्यातीवरच्या करसवलतीचा मोठा दावा जिंकलो. माझ्या केबिनमध्ये केक आला. विभागातली मुलं दाराशी अवघडून उभी राहिली, टाळ्या वाजवल्या, आपापले तुकडे घेऊन जागेवर गेली. थोड्या वेळाने बाहेरून त्यांचं हसणं ऐकू आलं. मी पाणी प्यायला बाहेर आले, तसं ते थांबलं.